आपोआप नासल्याचा दाखला

भूम तालुक्यातल्या ईट गावच्या ग्रामसेविका चारुशीलाबाई यांना पंचायत समितीचं परिपत्रक आलं. शेजारी राष्ट्रांशी स्नेह वाढावा म्हणून प्रत्येक महिला मंडळानं एका सभासदाच्या घरी एक शाकाहारी भूतानी पदार्थ शिजवावा आणि पंधरा दिवसांत अहवाल द्यावा. भूतान कुठल्या दिशेला आहे हे परिपत्रकात नव्हतं. उशीर झाल्यास कोणावर कारवाई होईल, ते मात्र सविस्तर होतं.

चारुशीलाबाईंची नोकरी तीन वर्षं कच्ची होती. कायम होण्याचा कागद विस्तार अधिकारी दत्तोपंतांच्या टेबलावर होता आणि हा अहवाल गेल्याशिवाय तो हलणार नव्हता.

पदार्थ सोपा होता. पावशेर हिरव्या मिरच्या, तोंडी लावायला नव्हे, भाजी म्हणून. आणि त्यात दूध नासवून काढलेला चोथा. मंडळाच्या अध्यक्ष द्वारकाबाई यांनी मिरच्यांना हरकत घेतली नाही.

"मिरच्या रोजच्याच हायेत. पर चांगलं दूध हातानं नासवायचं? माझ्या चुलीवर न्हाय. घरातली लक्ष्मी उठून जाती."

"मावशी, वाटीभर फक्त."

"वाटीभर लक्ष्मी बी म्या जाऊ देत न्हाय."

मंडळातल्या शरिफाबींनीही म्हैस आटेल म्हणून हात जोडले. गावात एकही घर दूध नासवायला तयार होईना. चारुशीलाबाईंनी अडचण लेखी कळवली. दत्तोपंतांचं उत्तर आलं: दूध नासवणे भावनेस बाधक असल्यास आपोआप नासलेले दूध वापरावे, मात्र ते आपोआप नासल्याबद्दल तलाठ्याचा दाखला जोडावा.

तलाठी नियमाचे पक्के. "समक्ष नासलं तरच सही करीन," म्हणाले आणि द्वारकाबाईंच्या ओसरीवर पातेल्यासमोर बसले. दिवस मार्गशीर्षातले. थंडीत दूध नासेना. त्यातून तलाठ्यांना दर तासाला चहा लागे आणि घरात दुसरं दूध नव्हतं. तिसऱ्या दिवशी पातेलं रिकामं झालं. "दूध नासले नाही, संपले," असा दाखला त्यांनी प्रामाणिकपणे दिला.

त्यावर शेवटचा हुकूम आला: दुधाअभावी पदार्थ दुधाविना करावा, बाकी कृतीत फरक नसावा.

बाकी कृतीत मिरच्या आणि मीठ उरलं. द्वारकाबाईंनी तव्यावर मिरच्या भाजल्या, मीठ घातलं, तांब्याच्या बुडानं रगडल्या आणि भाकरीबरोबर तपासणीला आलेल्या दत्तोपंतांपुढं ठेवल्या. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याला नाक वाहू लागलं.

"हिमालय दिसला," ते उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले.

"साहेब, आमच्यात हे रोज असतंय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"तो ठेचा, बाई. हा परराष्ट्रीय पदार्थ. गल्लत करू नका."

मग ते चारुशीलाबाईंकडं वळले. "काय हो, तुम्हाला काय वाटतं?"

चारुशीलाबाईंनी एकदा द्वारकाबाईंकडं पाहिलं, एकदा साहेबांच्या खिशातल्या पेनाकडं. "परराष्ट्रीयच," त्या म्हणाल्या. आठवड्यात त्या कायम झाल्या.

कायम झाल्यावरचं पहिलं काम म्हणून वरून छापील कृती आणि सोबत हुकूम आला: ईटच्या महिलांना भूतानी मिरची शिकवावी. वर्गाला द्वारकाबाई सर्वांत आधी आल्या. त्याच मिरच्या, तोच तवा, तोच तांब्या. परीक्षेला दत्तोपंत आले, बोट लावून चाखलं आणि त्यांनी मान हलवली.

"ती चव न्हाय म्हणले सायेब," द्वारकाबाई नंतर म्हणाल्या. "ताई, खरं सांगा, माझ्या हातून काय घालायचं ऱ्हायलं?"

"परिपत्रक," चारुशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या नावापुढं 'नापास' लिहिलं.

द्वारकाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. दत्तोपंतांना आपण हसू नये. भूतानी पदार्थाची गोष्ट म्हणून आपणही इथवर वाचत आलो. ईटच्या ठेच्याची आहे असं आधीच सांगितलं असतं, तर पान उलटलं असतं.