ओल्या बॉनेटाची बखर

विनंती विज्ञापना ऐसी जे, गडकोटांच्या लढाया लिहिणारे बहुत जाहले, त्यांस कागद पुरला आणि शाईही पुरली, परंतु घराच्या फाटकाआत जी रणे होतात, जेथे तोफ वाजत नाही आणि तरी माणसाचा चेहरा पडतो, त्यांचे वर्तमान कोणी लिहोन ठेविले नाही. सबब एका रविवारी एका निळ्या मोटारीच्या बॉनेटावर जे जाहले ते, तिखटमीठ बेताचे लावून, येथे लिहिले आहे. वाचणारांनी सावकाश वाचावे, आणि ज्यांचे घरी नवी मोटार आहे त्यांनी बसून वाचावे.

तर या दौलतीचे धनी पेशाने भूगोलाचे मास्तर, आणि घरात त्यांस श्रीमंत म्हणावे इतका थाट त्यांस मोटार आल्यापासोन प्राप्त जाहला होता. उभी हयात स्कूटरवर पाऊस झेलून मग ही निळी मोटार दारी आली, रंग ऐसा गर्द की पाहणाराने आपले नाक आत पाहून लाजावे, आणि मोटार आली त्याच सायंकाळी श्रीमंतांनी फर्माने काढिली की, मोटारीस कोणी टेकू नये, दार उघडण्यापूर्वी अंगठी आणि घड्याळ काढून खिशात घालावे, पर्सचे बक्कल मोटारीच्या बाजूस येऊ देऊ नये, आणि धुळीवर बोटाने नाव लिहील तो आपला असो की परका, त्याची गय होणार नाही. दारूगोळाही जंगी जमविला. साबणाच्या पाण्याची एक बादली, स्वच्छ पाण्याची दुसरी, घरातल्या माणसांच्या शांपूहून भारी असा मोटारीचा शांपू, चकती गरगर फिरविणारे यंत्र, आणि झाकणाच्या डब्यात मऊ फडकी. ती फडकी इतर कपड्यांबरोबर धुण्यास मनाई होती. ती निराळी धुतली जात, निराळी वाळत, आणि श्रीमंतांच्या पत्नी, ज्या घराचा सारा कारभार पाहात म्हणोन त्यांस कारभारीणबाई म्हणू, त्यांचे मत ऐसे होते की या घरात सासर-माहेर दोन्हीकडून इतका मान दुसऱ्या कोणास मिळाला नाही.

आता मातोश्रींचे वर्तमान. श्रीमंतांच्या मातोश्री गुडघ्याच्या दुखण्यामुळे आपले घर बंद करून लेकाकडे राहावयास आल्या होत्या. ऐन उमेदीत त्यांनी भरल्या घराचा गाडा एकहाती ओढिला, आणि त्यांनी घासलेल्या पातेल्यात पाहून दिरांनी भांग पाडावा ऐसा त्यांच्या हाताचा लौकिक. त्या येथे आल्या आणि सर्वांनी प्रेमाने त्यांस म्हटले, आई, तुम्ही बसा. मग प्रेमानेच प्रथम विळी काढून घेतली, मग गॅस, मग बादली, मग कुंड्यांस पाणी घालावयाचा तांब्या, आणि ऐसा एकेक मुलूख खालसा होत होत अखेर त्यांचे ताब्यात एक खुर्ची आणि टीव्हीचा रिमोट इतकाच प्रांत उरला.  मग घडी घातलेले कपडेच मातोश्री पुन्हा उलगडोन पुन्हा घडी घालीत, आणि हे पाहूनही कोणाचे ध्यानी आले नाही.

ऐशा समयी तो रविवार उगवला. श्रीमंत केस कापावयास गेले, कारभारीणबाई स्नानास गेल्या, आणि मातोश्रींनी खिडकीतून पाहिले तो मोटारीवर धुळीचा थर. लेकाला आठवडाभर शाळा, त्यास बिचाऱ्यास वेळ कोठला, ऐसा विचार करोन त्यांनी कंबर कसली, मोरीतली बादली घेतली, भांड्यांचा साबण घेतला, आणि हिरवी घासणी घेतली. मग करपलेल्या पातेल्याचे बूड घासावे तैशा गोल गोल हाताने, गुडघ्याची पर्वा न करिता, सारे बॉनेट घासोन काढिले, आणि वर पाणी ओतिले. ओले बॉनेट ऐसे झळकले की मातोश्रींस आपले जुने दिवस आठवले.

श्रीमंत परतले तो ऊन चढत होते, आणि बॉनेट एका कडेने वाळत होते. जेथे जेथे वाळे, तेथे तेथे वर्तुळे उमटत. भूगोलाच्या मास्तरांनी आयुष्यभर फळ्यावर डोंगराच्या समोच्च रेषा काढिल्या, त्या साऱ्या आपल्या बॉनेटावर एकदम काढिलेल्या पाहून त्यांचे पाय जमिनीस खिळले. इतक्यात मातोश्री दारात आल्या.

"बघ कशी निघालीय. तू नुसता वरवर फडका फिरवतोस. जोर लावावा लागतो."

ओल्या केसांस पंचा गुंडाळोन कारभारीणबाई मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले, कारण त्यांचे पर्सचे बक्कल एकदा मोटारीस निसटते लागले तेव्हा श्रीमंत सारी संध्याकाळ भिंतीशी बोलत बसले होते. श्रीमंतांनी तोंड उघडिले. आणि मग त्यांनी मातोश्रींकडे पाहिले. पाण्याने बोटे सुरकुतली होती, पदर ओला होता, आणि बहुत दिवसांनी त्या गुडघ्यावर हात न ठेविता ताठ उभ्या होत्या. श्रीमंतांनी तोंड मिटिले, आणि मग म्हणाले, "हो आई. मला नाही जमत तेवढा जोर."

ते ऐकून कारभारीणबाईंनी डोळे उघडिले, आणि इतक्या वर्षांच्या संसारात प्रथमच आपण कोणाशी लग्न केले ते त्यांस नीट दिसले.

मग स्वयंपाकघरात खलबत जाहले. श्रीमंतांनी सांगितले की ओरखडे बहुतेक वरच्या काचेसारख्या थरात आहेत, ते यंत्राने घासून काढिता येतील, मात्र तो थर कागदाहून पातळ, हात चुकला तर खालचा रंग उघडा पडेल आणि मग इलाज नाही. कारभारीणबाई म्हणाल्या की रंगाचे तुम्ही पाहा, परंतु आपल्या हातून बिघडले हे आईंस कळता कामा नये. आठ-नऊ महिन्यांत आज त्या पहिल्यांदा पोटभर नाष्टा करोन बसल्या आहेत. त्याउपरी त्यांनी हेरले की पाण्याखाली ओरखडा दिसत नाही, सबब मातोश्री बाहेर आहेत तोवर बॉनेट ओले राखावे. ऐसा ठराव होतो न होतो तो बाहेरून हुकूम आला की माझी खुर्ची इथे आणा, मोटारीसमोर.

मातोश्री आपली कामगिरी न्याहाळीत समोर बसल्या, आणि श्रीमंत तांब्यातांब्याने बॉनेटावर पाणी घालीत उभे राहिले. एक कोपरा भिजवावा तो दुसरा वाळे, आणि दुसऱ्याकडे धावावे तो पहिल्यावर रेषा डोके वर काढीत.

"अरे, किती पाणी घालतोस? झाड आहे का ते?"

"तापलीय आई. थंड करतोय."

"माणसाला ताप आला तरी एवढं नाही घालत कुणी."

ऐसा पेच चालला असता समोरच्या घरातील पेन्शनर फाटकाशी आले. या गृहस्थांनी साऱ्या गल्लीच्या देखरेखीचा मक्ता आपला आपणच घेतला होता, कोणाचा दिवा रात्रभर जळला, कोणाचा नळ गळतो, हे त्यांस घरमालकाआधी ठाऊक. त्यांनी चष्मा नाकावर ओढिला, नेमक्या वाळक्या कोपऱ्यावर नजर लाविली, आणि म्हणाले, "अहो मास्तर, हे काय? नव्या गाडीवर कुणी असं..."

"मीच," श्रीमंत मध्येच बोलिले. "मीच घासली. चुकलं माझं."

"खोटं कशाला बोलतोस?" मातोश्री खुर्चीतून म्हणाल्या. "मी घासली. हा तर केस कापायला गेला होता."

पेन्शनरांनी बॉनेटाकडे पाहिले, मातोश्रींकडे पाहिले, आणि मातोश्रींच्या मागे उभे राहून हात जोडणाऱ्या कारभारीणबाईंकडे पाहिले. आजवर त्यांनी दुसऱ्याचा दोष दिसोन गिळिला ऐसे कोणाचे स्मरणी नाही. परंतु त्या समयी त्यांनी तो सबंध गिळिला आणि म्हणाले, "तरीच म्हटलं. मास्तरांच्या मनगटात कुठली एवढी ताकद."

मातोश्री प्रसन्न जाहल्या. "तुमची पण आणा की. माझं काय, बसूनच असते मी."

"बघतो, मावशी," ऐसे म्हणोन पेन्शनर निघाले, आणि थोड्याच वेळात ते आपल्या मोटारीस आच्छादन घालून त्याच्या चारही कोपऱ्यांस गाठीवर गाठ मारिताना दिसले.

परंतु कारभारीणबाईंचे लक्ष तिकडे नव्हते. बसूनच असते मी, हे शब्द त्यांस लागले. मातोश्रींस आत न्यावयाची तजवीज तर करणे होतीच, ती त्यांनी ऐशी केली की मटारची पिशवी आणिली आणि म्हणाल्या, "आई, एवढे सोलून द्याल? माझ्यानं नाही होणार."

"मी?" मातोश्रींनी विचारले.

"मग कोण?"

मातोश्री खुर्चीतून उठल्या त्या कोणाचा हात न धरिता.

इकडे मोहिमेस तोंड लागले. श्रीमंतांनी मोटार सावलीत घेतली, रबराच्या कडांस कागदी पट्ट्या चिकटविल्या, चकतीवर मलम घेतले, आणि हातभर जागा धरून यंत्र चालविले, पुसून मोबाइलच्या दिव्याने पाहिले, पुन्हा चालविले. जोर लावावा तर थर जातो, न लावावा तर रेषा राहते. आतून मातोश्रींनी विचारिले की काय घरघरतंय, तेव्हा कारभारीणबाईंनी शेजारच्या मिक्सरवर आळ घेतला. मटार संपले, तेव्हा शर्टांची तुटली बटणे नेऊन दिली. बटणे संपली, तेव्हा पडद्याची उसवलेली शिवण दिली. रसद तोडून गनीम हरविल्याचे ऐकिले आहे, येथे रसद पुरवून गड राखिला. आणि कारभारीणबाई पडद्याचे दुसरे टोक धरून बसल्या असता मातोश्री बोलत राहिल्या, टाका कसा लपवावा, दोरा किती घ्यावा, श्रीमंत लहानपणी बटणे गिळीत म्हणोन शर्टांस हूक कसे लाविले, आणि इतके बोलणे गेल्या कित्येक महिन्यांचे मिळून जाहले नव्हते. शेवटी शेवटी तर बाहेरचे यंत्र थांबू नये ऐसे बाईंस वाटो लागले.

बाहेर एकेक डोंगर सपाट जाहला. फक्त पुढच्या कडेशी एक वर्तुळ खोल गेले होते, ते हटेना. श्रीमंतांनी यंत्र त्यावर टेकविले, उचलिले, पुन्हा टेकविले, आणि मग बंद केले, कारण आणखी एक फेरा आणि थर संपला. उरल्या अंगास त्यांनी मेण लाविले, मऊ फडक्याने सरळ सरळ हाताने पुसिले, आणि पायरीवर बसले. दंड थरथरत होते, आणि नव्या कापल्या केसांवर पांढरी भुकटी पडून ते आणखी म्हातारे दिसत होते.

तेव्हा मातोश्री बाहेर आल्या. बॉनेट कोरडे होते आणि आता पाणी घालावयास सवड नव्हती.

त्या जवळ गेल्या. वाकल्या. जन्मभर भांडी घासलेला हात, त्यास ओरखडा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. त्यांचे बोट पुढच्या कडेच्या त्या वर्तुळावर आले आणि तेथे थांबले. मग त्यांनी कागदी पट्ट्यांचा ढीग पाहिला, यंत्र पाहिले, पाण्याचा तांब्या पाहिला, आणि लेकाचे डोके पाहिले. मागोमाग सूनही दारात आली. 

मातोश्रींनी पदराने लेकाच्या केसांवरली भुकटी झटकली.

"माझ्यापेक्षा चांगली निघाली," त्या म्हणाल्या. आणि थोडे थांबून, "चाकं मात्र काळीच ठेवतोस तू. तेवढी माझ्याकडे दे."

"तुम्ही कशाला..." ऐसे श्रीमंतांच्या ओठांवर आले होते. परंतु कारभारीणबाईंनी मागून त्यांचे पाठीस कोपर लाविले.

"दिली, आई. घासणी आणू?" श्रीमंत म्हणाले.

"घासणी नको. ते तुझं मऊ फडकं दे एक."

जाणकारांस ठाऊक आहे की जे फडके एकदा चाकास लागले, त्यात बारीक कचकच भरते, आणि ते पुन्हा रंगास लाविता येत नाही, ते मोटारीपुरते मेलेच. श्रीमंतांस हे घरात सर्वांहून अधिक ठाऊक. त्यांनी डबा उघडिला, वापरली फडकी बाजूस सारिली, आणि तळातले कोरे, अद्याप घडीही न मोडलेले, मातोश्रींच्या हाती दिले. मग बसावयास स्टूल आणिले, बादली भरून जवळ ठेविली, आणि स्वतः पायरीवर जाऊन बसले.

तह ऐसा ठरला की, मोटारीचे अंग श्रीमंतांकडे, चारी चाके मातोश्रींकडे वंशपरंपरा नव्हे तर गुडघा परवानगी देईल तोवर, मटार आणि सुईदोरा हे खालसा केलेले प्रांत सन्मानपूर्वक परत, आणि आई, तुम्ही बसा, हे वाक्य घरात विचारल्याशिवाय कोणी उच्चारू नये. पेन्शनरांनी आच्छादनाच्या गाठी सोडिल्या नाहीत. मोहिमेची फत्ते मातोश्रींची लिहावी ऐसा श्रीमंतांचा आग्रह, आणि लेकाची लिहावी ऐसा मातोश्रींचा. कारभारीणबाईंनी दोघांचे ऐकून घेतले, आणि पुढचे डावे चाक लखलखीत निघाले, उजव्याचे काम चालू आहे, इतकेच खरे मानून नोंद केली.