तुळाजीच्या यकृताचं उद्घाटन

एका जंगलात, बाळांनो, साधं बीळ उकरलं तरी नारळ फुटायचा आणि अध्यक्ष यायचे. तिथं तुळाजी नावाचं अस्वल मरायला टेकलं होतं. मोहाची दारू पिऊन पिऊन त्याचं यकृत पार सडलं होतं.

मेव्हण्यानं आपल्या यकृताचा तुकडा दिला. सुतारपक्षी डॉक्टरांनी तो चोचीनं नीट शिवला. मोठ्या शिरेला तेवढा चिमटा होता. तो काढला, रक्त सुटलं, की तुळाजी जगला.

तोच हत्ती आत शिरले. हेच ते अध्यक्ष.

"जंगलातलं पहिलं यकृत, आणि असं परस्पर सुरू करता? चिमटा माझ्या हस्ते. आधी दोन शब्द बोलतो."

हत्तीचे दोन शब्द हत्तीएवढेच असायचे. त्यांनी पणजोबांपासून सुरुवात केली. पणजोबा नदीवर पोचेस्तोवर इकडं शिरेत रक्त साकळलं.

तुळाजीची बायको कोंडाबाई उशाशी उभी होती. ती कुजबुजली, "डॉक्टर, यकृत पांढरं का पडलं?"

"गुठळी झाली, वहिनी. शीर उकलून काढायला हवी."

"मग काढा की."

"भाषण चाललंय. मध्येच चोच कशी घालू?"

कोंडाबाईनं नवऱ्याचा पंजा धरला. गारठलेला. मग ती पदर सावरून हत्तीपुढं गेली.

"दादा, एवढं सोन्यासारखं भाषण, आणि ऐकायला चार टाळकी. बाहेर वडाखाली सगळं जंगल ताटकळलंय."

हत्तीचे कान हलले. पणजोबांना घेऊन ते बोलत बोलतच बाहेर पडले. सगळे मागोमाग गेले. भूल देणारं घुबडसुद्धा गेलं.

"हं, घाला आता चोच," कोंडाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी शीर उकलली, जांभळाएवढी गुठळी उपसली, शीर शिवली, चिमटा काढला. यकृत पळसासारखं फुललं, तसं त्यांनी पोटही शिवून टाकलं.

तुळाजीनं डोळे उघडले. "भूक लागलीय," म्हणाला आणि उठू लागला.

कोंडाबाईनं त्याला दाबून निजवलं. "गप पडा. पणजोबा आत्ता कुठं नदी ओलांडतायत. एवढ्यात बरं व्हायचं नाही."

डॉक्टरांनी चिमटा तुळाजीच्या गोधडीला लावून ठेवला. हत्ती आले. त्यांनी सोंडेनं तो अलगद काढला. तुळाजी टुणकन उठून बसला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात डॉक्टरांनी वाजवल्या.

तात्पर्य: जीव डॉक्टरच्या चोचीनं वाचतो, हे खरं. पण अध्यक्षांची सोंड लागेपर्यंत शहाण्या रोग्यानं बरं होण्याची घाई करू नये.