तात्या आणि माणसांचा मेंटेनन्स

आमचे तात्या लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मोटारीवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मग निकाल देतात, "बेअरिंग कुरकुरतंय." नव्या माणसाला वाटतं, मोटारीनं सासरचं गाऱ्हाणं सांगितलं.

बारामतीजवळच्या आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात तात्या मेंटेनन्स बघतात. मी हजेरी, रजा आणि रुसवे बघते. दाराच्या पाटीवर त्याला मनुष्यबळ विभाग म्हणतात. तात्या निमगाव केतकीहून येतात, सुट्टीच्या दिवशीही. "जळल्यावर बोंबलू नका, आधी ग्रीस घाला," हा त्यांचा मंत्र. एका लग्नात आशीर्वाद म्हणूनही त्यांनी हेच सांगितलं. नवरदेवानं मान डोलावली, बिचारा.

मध्यंतरी बॉयलरवरचा दत्ता गप्प झाला. डबा न उघडताच घरी न्यायचा, हाक मारली तरी बघायचा नाही. एकदा तर बॉयलरची पाण्याची पातळी तपासायचीच विसरला. मालकांचं निदान तयार होतं: आळस. त्यांनी मला दत्ताला कामावरून काढायचं पत्र टाइप करायला सांगितलं. मी केलं. मला पगार टायपिंगचा मिळतो, दयेचा नाही.

पत्र सहीला नेलं, तर केबिनमध्ये तात्या उभे.

"मालक, त्याला डिप्रेशन हाय. मनाचा डॉक्टर लावा. म्हयन्यातनं दोनदा हितंच बोलवा, कंपनीच्या खर्चानं."

"कसलं डिप्रेशन? पगार वेळेवर मिळतो की!"

"मोटारीलाबी करंट येळंवर मिळतो. तरी जळतीच की."

"उद्या सगळेच डिप्रेशन काढून बसतील, तात्या."

"एसीच्या मेंटेनन्सचा करार हाय, वजनकाट्याचा हाय, तुमच्या केबिनीतल्या माशांच्या पेटीचाबी हाय. माणसाचाच न्हाय. बरं, काढा दत्ताला. बॉयलरची परीक्षा पास झालेला दुसरा गावस्तवर कारखाना बंद ठिवा."

मालकांचं काळीज नेमकं कुठं असतं हे तात्यांना ठाऊक होतं: बॉयलरच्या शेजारी. मालक म्हणाले, "एकदा बोलवू. कोणी गेलंच नाही, तर डॉक्टर बंद आणि दत्ताही बंद."

पण आमच्या मालकांना मंडपाशिवाय कुठलंच काम करता येत नाही. डॉक्टरबाई आल्या त्या दिवशी गेटवर मालकांच्या हसऱ्या फोटोचा फ्लेक्स लागला: 'भव्य नैराश्य निवारण शिबिर'. बाईंना शाल-श्रीफळ झालं, मालकांचं भाषण झालं. मग बाई स्टोअररूममध्ये जाऊन बसल्या आणि सुपरवायझर माईकवरून पुकारायला लागला, "नैराश्यग्रस्त बंधू-भगिनींनी कृपया पुढच्या रांगेत बसून घ्यावे!"

पुढची रांग मोकळी राहिली. मागं बसलेल्यांइतकी आनंदी माणसं मी भिगवणच्या मासळीच्या हॉटेलातही पाहिलेली नाहीत. दत्ता खांबाआड, मान खाली. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. पत्र माझ्या फायलीत होतं.

तेवढ्यात तात्या उठले आणि पुढच्या रांगेत मधोमध जाऊन बसले. मंडप हसला.

"तात्या, तुमचंबी बेअरिंग गेलं व्हय?"

"व्हय, गेलंय. तुजं कधी बसवलंवतं का, ते इचारून सांगतो," म्हणत ते स्टोअररूममध्ये शिरले.

मला वाटलं, पाच मिनिटांत बाहेर येतील. पाऊण तास गेला. मंडपवाल्यानं खुर्च्या गोळा केल्या, मालक जेवायला गेले. दत्ता तेवढा भिंतीला टेकून थांबला होता.

तात्या बाहेर आले ते डोळे पुसतच. त्यांनी दत्ताच्या पाठीवर हात ठेवला. "जा. बाई घाई करत न्हाईत."

दत्ता आत गेला. मी पत्र फायलीतून काढून रद्दीत टाकलं; मालकांना विचारायचं राहूनच गेलं.

"नाटक छान वठलं, तात्या," मी म्हटलं.

त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"पयली पाच मिनटं नाटकच व्हतं, मॅडम. मंग बाईंनी इचारलं, घरी कोण कोण असतं."