नानांची एकतर्फी डबलबारी

"त्यात काय एवढं? एक आयसी, चार कपॅसिटर आणि डोकं! रविवारी दुपारपर्यंत अँप्लिफायर वाजवून दाखवतो!" शिवदास परबाने जाहीर केलं.

लताने पोळी लाटता लाटता नुसतं वर पाहिलं. नवऱ्याने असाच एकदा मिक्सर दुरुस्त केला होता. तेव्हापासून तो एकाच वेगात चालायचा, आणि त्या वेगात चटणी भांड्यात कमी नि छतावर जास्त व्हायची.

पण या वेळी प्रश्न चटणीचा नव्हता, श्रुतिकाच्या बारावीचा होता. फिजिक्सचा पेपर गुरुवारवर आला होता. आणि चारकोपच्या त्या दोन खोल्यांत रोज चारचा चहा झाला की शिवदासचे वडील, म्हणजे नाना, स्पीकरवर डबलबारी लावायचे. डबलबारी म्हणजे कोकणातला भजनाचा सामना. दोन बुवा समोरासमोर बसतात, एक गाता गाता दुसऱ्याला चिमटे काढतो, मग दुसरा त्याचा समाचार घेतो. नाना स्वतः गिरणीच्या भजनी मंडळाचे बुवा. गिरणी गेली, मंडळ गेलं, आणि कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात अर्धे कानही गेले. त्यामुळे स्पीकरचा आवाज एवढा, की सराव परीक्षेत श्रुतिकाने लेन्सच्या सूत्राखाली 'विठ्ठल विठ्ठल' लिहून ठेवलं!

"बाबा, मी नापास झाले ना, तर मार्कशीट आजोबांच्या नावाने आणा!" पोर रडकुंडीला आली होती.

कानाच्या यंत्राचं नाव काढलं की नाना भडकायचे. "बुवाचो कान तो! तेका मशीन कशाक?" हेडफोन मात्र त्यांना मान्य होता, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी मोठमोठे गाणारे तो लावतात. पण मोबाइलला नुसता हेडफोन जोडला तर नानांना काहीच ऐकू येईना. म्हणून मध्ये अँप्लिफायर! खिशात मावणारा, सेलवर चालणारा. शिवदासने त्याचा व्हिडिओ सात वेळा पाहिला होता, आणि कुरियर ऑफिसात आठवडाभर तो इंजिनिअरसारखाच बोलत होता.

रविवारी सकाळी टेबलावर सामान मांडलं गेलं. व्हिडिओतल्या माणसाने सगळं एका पत्र्याच्या डबीत बसवलं होतं. शिवदासने लताची हिंगाची डबी रिकामी केली.

पहिल्यांदा सेल उलटा लागला आणि आयसीतून धुराची बारीक शेंडी निघाली. दुसऱ्यांदा उघडी वायर पत्र्याला टेकली आणि हेडफोनमधून असा फडाड आवाज आला, की शिवदास खुर्चीसकट मागे गेला. सोल्डरिंगच्या गरम गनने डबीतला उरलासुरला हिंग मात्र मस्त परतला गेला. घरभर फोडणीचा वास!

"आमटी झाली काय गो?" नानांनी आतून विचारलं.

"नाही नाना, तुमचा मुलगा शिजतोय अजून!" लता म्हणाली.

तिसऱ्यांदा शिवदासने डबीला आतून चिकटपट्टीची चार पुटं चढवली, दुसरा आयसी बसवला, आणि बरोबर चार वाजता नानांच्या डोक्यावर हेडफोन चढवला. घर श्वास रोखून उभं राहिलं. त्याने हळूच नॉब फिरवलं.

नानांचे डोळे मोठे झाले. मग भरून आले.

"शिवा... टाळ ऐकाक येतत रे! एकेक टाळ वेगळो!"

किती वर्षांनी म्हातारा असा हसला होता! खोलीत चिडीचूप शांतता. श्रुतिकाने पुस्तक उघडलं. लताने नवऱ्याकडे चक्क कौतुकाने पाहिलं, आणि हा प्रसंग कुणीतरी लिहून ठेवायला हवा, असं त्याला वाटून गेलं.

शांतता टिकली चार मिनिटं.

भिंतीपलीकडे एडवर्ड परेरा राहायचा. मूळचा गोराईचा, सोसायटीचा सेक्रेटरी, आणि चर्चमधल्या गायकांपैकी एक. यंदा ईस्टरला त्याला पहिल्यांदाच एकट्याने गायचं होतं. नानांच्या स्पीकरपायी बिचारा गच्चीवर जाऊन सराव करायचा. आज पलीकडे शांत बघून तो खूश झाला, कीबोर्ड उघडून घरातच बसला, आणि त्याने मोठ्या प्रेमाने पहिली ओळ घेतली.

त्याच वेळी हेडफोनमधल्या बुवाने आपली बारी संपवली. नानांच्या अंगात गिरणीतले बुवा संचारले. कानावर हेडफोन असलेला माणूस आपण किती जोरात बोलतो हे ओळखू शकत नाही, आणि नाना तर मुळातच बिनमाइकचे गाणारे!

"बुवानू, घसो बसलो तुमचो! ह्येका गाणा म्हणतत?"

पलीकडचा कीबोर्ड थांबला. थोड्या वेळाने एडवर्डने घाबरत घाबरत तीच ओळ पुन्हा, जरा खालच्या सुरात घेतली.

"खाली उतरान काय होतला? सूर वर रवलो! पेटी मिटा नि घराक जावा!"

पलीकडे पूर्ण शांतता.

"आता कसो गप रवलो!" नानांनी मांडीवर थाप मारली.

शिवदासने धावत जाऊन नॉब कमी केलं, तर नानांनी त्याचा हात झटकला आणि नॉब होतं त्याहून वर नेलं. श्रुतिकाने दोन्ही कानांत बोटं घातली. "बाबा, आधी बरं होतं! निदान चाल तरी होती!"

आणि बेल वाजली. दारात एडवर्ड. डोळे लाल. मागे त्याची बायको अँजेलिना.

"शिवदास, मी वर्षभर गच्चीवर गातोय, कधी काही बोललो? आज घरात एक ओळ म्हटली तर नाना मला घरी जा म्हणतात! मी घरीच होतो यार!"

"अरे तुला नाही रे! बुवाला!"

"कुठला बुवा?"

"हा काय, समोरचा बुवा."

एडवर्डने आत पाहिलं. नाना एकटेच, डोळे मिटून, रिकाम्या भिंतीकडे बोट नाचवत होते. "येवा, येवा! दुसरी बारी होऊन जावदे!"

अँजेलिनाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि लताच्या कानाशी लागली. "कधीपासून दिसतात गं त्यांना?"

"अहो, खरंच बुवा आहे! मोबाइलमध्ये! आत्ता ऐकवतो!" शिवदास ओरडला आणि त्याने डबीतली हेडफोनची पिन खसकन उपटली.

काहीच वाजलं नाही! मोबाइलची वायर अजून डबीतच होती, त्यामुळे बुवा डबीत जाऊन गप्प झाला होता. इंजिनिअर शिवदासच्या हे लक्षातच येईना.

नानांनी डोळे उघडले. कानात शांतता. त्यांचा चेहरा उजळला.

"बुवा पळालो!" ते गरजले. "लता, नारळ दी! बारी जिंकलंय!"

अँजेलिना लताचा हात धरून रडायलाच लागली. एडवर्डने ओळखीच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. शिवदास घामाघूम होऊन एकेक वायर ओढत होता. शेवटी मोबाइलची वायर निघाली आणि खोलीत बुवा कडाडला. मृदुंग, टाळ, पेटी, सगळं एकदम!

एडवर्ड दचकला. मग ऐकू लागला. गाणाराच तो! बुवाने एक लांब तान घेतली तशी त्याची मान हलली.

"नाना, हा श्वास कुठे घेतो हो? मला त्या ओळीला दम पुरत नाही."

नानांनी हेडफोन गळ्यात ओढला आणि त्याच्या ओठांवरून प्रश्न ओळखला. "बस हय! पोटातसून घेवचो. गाऊन दाखय!"

एडवर्ड बसला. गायला. नानांनी मांडीवर ठेका धरला, आणि पाच मिनिटांपूर्वी ज्याला हाकललं त्यालाच "वा बुवानू!" म्हणाले. जाताना सेक्रेटरी म्हणून एडवर्डने शिवदासला बजावलं, "रोज स्पीकरवरच लाव. दोन्ही बाजू ऐकू आल्या की कळतं तरी, कुणाचा अपमान चाललाय. आणि चारला मी येतोच."

म्हणजे आता आवाज तीन! स्पीकर, नाना आणि एडवर्ड! शिवदास डोकं धरून बसला. एवढ्यात श्रुतिका उठली. आजोबांच्या गळ्यातला हेडफोन तिने काढून घेतला, त्याच्या जाड गाद्या कानांवर घट्ट बसवल्या, आणि लोंबती वायर खिशात कोंबून पुस्तक उघडलं.

"थांब, थांब! अँप जोडून देतो!" शिवदास आशेने पुढे झाला.

"नको बाबा! एकदम शांत वाटतंय!"

श्रुतिकाचा फिजिक्सचा पेपर झकास गेला. कुरियर ऑफिसात शिवदास अजून सांगतो, की पोरीचं बारावीचं वर्ष त्याच्या अँप्लिफायरने वाचवलं. घरी मात्र तो हा विषय काढत नाही, कारण त्या डबीत लताने केव्हाच पुन्हा हिंग भरलाय.