पऱ्यांचं पुनर्वसन

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत, हे आपण शाळेतच शिकतो. मात्र ज्याला निवाऱ्याची काडीची गरज नाही त्याचाच निवारा सगळ्यात आधी बांधून होतो, हे शिकायला एखाद्या गृहनिर्माण सोसायटीत राहावं लागतं. नाशकात पाथर्डी फाट्याच्या अलीकडे 'सुखनिवास' नावाची अशी एक सोसायटी आहे. तिचे चेअरमन खंडेराव, म्हणजे सगळ्यांचे नाना, एका सरकारी खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. (हे खात्याला कळलं होतं, नानांना अजून कळायचं होतं.)

सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत रहिवाशांनी मिळून वनराई लावली होती. करंज, शिरीष, बहावा, कडुनिंब अशी शे-दीडशे झाडं. लावतानाच्या फोटोंत एका झाडामागे सरासरी चार माणसं दिसतात. पाणी घालायच्या वेळी हे प्रमाण उलटं झालं. म्हणून टाकी आणि ठिबक बसवायचं ठरलं आणि त्यासाठी निधी उभारायचंही ठरलं. वर्गणी काढू, असं कोणी सुचवलं नाही. वर्गणी काढली की ती द्यावी लागते, हा अनुभव ताजा होता.

मार्ग काढला ललिताताईंनी. त्या सहा महिने इंग्लंडला लेकीकडे राहून आल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांची वाक्यं 'आमच्या तिकडे' अशी सुरू होत. तर त्यांच्या तिकडे म्हणे जंगलात झाडांच्या बुंध्याशी वीतभर उंचीची परीघरं हाताने बनवून ठेवतात. लोक ती बघायला येतात, देणगी देऊन दत्तक घेतात, आणि रात्री परी येऊन त्यात राहते.

"येते का पण?" नानांनी विचारलं.

"येत नाही हो नाना. तसं समजायचं."

"मग हरकत नाही," नाना म्हणाले. न येणारा भाडेकरू हाच उत्तम भाडेकरू, असं त्यांचं मत होतं. त्यांचा स्वतःचा तळमजल्यावरचा दुसरा फ्लॅट चार वर्षं कुलूपबंद होता. तो मुलासाठी, अमोलसाठी राखून ठेवला होता. अमोलने बंगळुरूला घर घेतलं होतं, बायकोही तिथलीच केली होती. पण 'गणपतीत बघतो' असं तो एकदा म्हणाला होता. कोणत्या गणपतीत, ते त्याने सांगितलं नव्हतं.

परीघरांचं काम सुरू होण्याआधी रीतीप्रमाणे ते थांबलं. नानांनी आराखडा मागवला. समिती तीनदा बसली आणि पुढील नियम एकमताने मंजूर झाले:

(१) मुख्य दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावं. मध्ये बुंधा येत असल्यास तो बुंध्याचा दोष समजावा.

(२) स्वयंपाकघर आग्नेयेला. परी काय खाते याची माहिती उपलब्ध नाही. तथापि मध आणि फळं खात असावी, सबब ती शाकाहारी आहे.

(३) प्रत्येक घरामागे एक पार्किंग. (परी तर उडते, असं बी विंगमधल्या कॉलेजात जाणाऱ्या हर्षालीने लक्षात आणून दिलं. पाहुणे आले तर काय करशील, असं विचारून तिला खाली बसवण्यात आलं.)

(४) पिंपळ आणि चिंच वगळावी. पिंपळावर मुंजा आणि चिंचेवर हडळ हे जुने रहिवासी असून त्यांच्या हक्काला बाधा येता कामा नये.

घरं बांधायची कोणी, हा प्रश्न शेवटी निघाला आणि लगेच सुटला. सी विंगमध्ये संजना मॅडम राहत. जवळच्याच शाळेत चित्रकला शिकवत; सोबत आई, सुलाबाई, गुडघ्यांनी बेजार. भाडेकरू असल्यामुळे मॅडम समितीवर नव्हत्या, 'निमंत्रित सदस्य' होत्या. (जे काम करतात त्यांना हे पद देतात.) दोन वर्षं गणपतीची आरासही त्याच करत होत्या.

मॅडमनी नारळाच्या करवंट्या आणल्या, द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या आणल्या, गुलमोहराच्या शेंगांची दारं आणि निलगिरीच्या सालीची छपरं केली. एकूण एकवीस घरं झाली. त्यांतली बहुतेक मॅडमच्या हातची. उरलेल्यांपैकी तीन ऑनलाइन मागवलेली होती, पण खोक्यातून हातानेच काढली असल्यामुळे ती हस्तनिर्मित धरण्यात आली.

नाना रोज संध्याकाळी शेजारी खुर्ची टाकून बसत आणि देखरेख करत. ती कष्टाळू, हसरी पोरगी त्यांना मनापासून आवडायची.

"मॅडम, तुमच्या हाताला घर बांधायचा गुण आहे बघा."

"हाताला आहे नाना. डोक्यावरचं तेवढं मेअखेरपर्यंतच आहे." मॅडमनी सुतळीची गाठ मारली. त्यांचे घरमालक देवळाली कॅम्पातले फौजी. मुलाचं लग्न ठरल्यामुळे त्यांना घर परत हवं होतं. "नाना, तुमचा तळमजला रिकामाच आहे ना? आईला जिना चढवत नाही. मला शाळाही जवळ. भाडं तुम्ही म्हणाल ते."

"अहो, मग यात विचारायचं काय!" नाना म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. "उद्या चहाला या. काकूंच्या कानावर घालू."

दुसऱ्या दिवशी चहा झाला. नानांच्या सौभाग्यवती सगुणाकाकूंनी प्रेमाने चिवड्याची बशी पुढे केली.

"करारासाठी पूर्ण नाव लागेल हो. आडनाव काय लावता तुम्ही? इतके दिवस नुसतं मॅडम मॅडमच म्हणतोय आपण."

"पगारे. संजना सहादू पगारे."

"असं होय. छान." काकूंनी बशी उगीच थोडी सरळ केली. "देवघर कुठे ठेवाल? ईशान्येला कोनाडा आहे तसा."

"देवघर नाही काकू. हॉलमध्ये बुद्धमूर्ती असते आमच्या."

बुद्ध नानांच्या हॉलमध्येही होता. चांगला दीड फुटी, खाली लाइट, मागून पाणी पडणारा. पण तो सोफ्याच्या कव्हरांना शोभतो म्हणून आणलेला होता. त्याचा इथे संबंध नाही.

चहा संपेपर्यंत तळमजल्याच्या फ्लॅटची प्रकृती झपाट्याने खालावली. बाथरूमला ओल असल्याचं काकूंना आठवलं. वायरिंग जुनं झाल्याचं नानांना आठवलं. रंग तर काढायचाच होता. शिवाय अमोल बहुधा येत्याच गणपतीत येणार होता. "बघू हं," नाना म्हणाले. "कळवतो." मॅडमनी कप स्वतः उचलून ओट्यावर नेऊन ठेवला आणि "बरं नाना" म्हणून त्या गेल्या.

नानांना फार वाईट वाटलं. त्या दिवशी ते एक पोळी कमी जेवले.

"मला स्वतःला काही नाही गं," ते काकूंना म्हणाले.

"मलाही काही नाही," काकू म्हणाल्या.

मग काही होतं ते नक्की कोणाला, याचा शोध दोघांनीही घेतला नाही.

पुढे मॅडमनी आसपासची बरीच घरं पाहिली. सगळी चांगली होती, आणि पूर्ण नाव सांगितल्यावर लगोलग त्यांच्या भिंतींना ओल येत होती. ऐन वैशाखात त्या भागातल्या भिंतींना एवढं पाणी कुठून येतं, हा खरं तर भूजल खात्याने अभ्यास करण्याजोगा विषय आहे.

अक्षय्य तृतीयेला वनराईत परीघरांची जत्रा भरली. मठ्ठा, उसाचा रस, भेळ असे स्टॉल लागले. एकवीसच्या एकवीस घरं तासाभरात दत्तक गेली. एका डॉक्टरांनी चार घेतली. एक नातीला, तीन गुंतवणूक म्हणून. टाकीची सोय झाली. इथे जत्रा संपायला हवी होती. परंतु नव्या वास्तूत पहिल्या संध्याकाळी अंधार ठेवू नये, ही आपली पद्धत नानांना आठवली.

"आमच्या तिकडे बॅटरीचे दिवे लावतात," ललिताताई म्हणाल्या.

"बॅटरीचा दिवा वास्तूला चालतो का कुठे? तेलाचाच हवा."

"नाना, छपरं वाळलेल्या सालीची आहेत," मॅडम म्हणाल्या. "पेटतील."

"अहो मॅडम, वास्तुपुरुषाला कळतं सगळं."

दिवेलागणीला एकवीस घरांत एकवीस पणत्या लागल्या. दृश्य अत्यंत मंगल होतं आणि ते साधारण दोन मिनिटं टिकलं. वास्तुपुरुषाला काय कळलं ते सांगता येत नाही, पण वाऱ्याला लगेच कळलं. आग विझवायला पाणी नव्हतं. ते यावं म्हणून तर निधी उभारणं चाललं होतं. शेवटी मॅडमनी मठ्ठ्याचं पातेलं उचलून ओतलं, मग बाकीच्यांना सुचलं आणि उरलेली आग उसाच्या रसाने विझली. झाडं वाचली. (एका करंजाला अजून जिऱ्याचा वास येतो.) नऊ घरं जळून खाक, बारा होरपळली. जीवितहानी शून्य, रहिवासी अस्तित्वात नसल्याचा हा फार मोठा फायदा असतो.

पण पोरांनी भोकाड पसरलं. परी आता कुठे राहणार? डॉक्टरांची नात तर जमिनीवरच बसली. देणगीदारही कुजबुजू लागले. तिथेच खुर्च्या ओढून तातडीची सभा भरली, आणि नाना उभे राहिले.

"आपल्या सोसायटीत कोणी बेघर राहायचं नाही," ते म्हणाले. "माझा तळमजला रिकामा आहे. पऱ्यांना तिथे न्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ललिताताईंनी डोळे पुसले. मॅडम काजळी लागलेले हात घेऊन बाजूला उभ्या होत्या.

"नाना, बाथरूमला ओल आहे ना?"

"किरकोळ हो ती."

"आणि वायरिंग?"

"त्यांना कुठे वीज लागते!"

"अमोलदादा येणार आहेत ना पण?"

"तो कसला येतोय," नाना बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते त्यांना स्वतःला ऐकू आलं. मग त्यांना खोकला आला. धूर बराच होता.

पऱ्यांचं पुनर्वसन दुसऱ्याच दिवशी पार पडलं. ना करार, ना पोलीस पडताळणी, ना अनामत रक्कम. हॉलमध्ये आठ, बेडरूममध्ये तेरा अशी जागा मिळाली. जळालेली घरं नव्याने बांधायचं काम अर्थातच मॅडमकडे आलं, आणि त्यासाठी फ्लॅटची किल्ली. शाळेला सुट्टी होती. मॅडम दिवसभर तिथे बसून पऱ्यांची छपरं शाकारत आणि संध्याकाळी किल्ली परत देत. भिंती खडखडीत कोरड्या होत्या. एकदा त्यांनी सुलाबाईंना हात धरून आणलं. सुलाबाई खिडकीशी बसल्या, वनराईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वारा लय छान येतो गं इथं." मॅडमना त्या दिवशी छप्पर नीट बसवता आलं नाही.

मेअखेरीला खाली टेंपो लागला. घर मिळालं होतं ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. शाळेला आता दोन बस बदलाव्या लागणार होत्या. मॅडम किल्ली द्यायला आल्या.

"तुम्ही गेल्यावर इथली दिवाबत्ती कोण बघणार हो मॅडम?" नानांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"भाडेकरू ठेवा की नाना," मॅडम म्हणाल्या. "चांगली चौकशी करून." आणि कापडात गुंडाळलेली मूर्ती मांडीवर घेऊन त्या टेंपोत पुढे, आईशेजारी बसल्या.

आता, सुज्ञ वाचकहो, संजना मॅडमना तो फ्लॅट का मिळाला नाही, याचं कारण या हकिकतीत कुठेही दिलेलं नाही. नानांनी ते उच्चारलं नाही, काकूंनी नाही, मॅडमनीही नाही. तरी तुम्हाला ते लगेच कळलं, कुठे अडखळायलाही झालं नाही. इतका जाणकार वाचक लाभणं हे भाग्यच. तुमचा खालचा मजला रिकामा असल्याचं समजलं, म्हणून मॅडमना तुमचा पत्ता दिला आहे. आईला घेऊन त्या उद्या संध्याकाळी येतील.