साळवे नानांची टेप

साळवे नाना सकाळी उठल्याबरोबर आमच्या दोघांमधल्या भिंतीवर दोन टकटक देतात. मी पलीकडून उलट दोन दिल्या नाहीत तर तिसरी जोरात येते. अकरा वर्षं हे चाललं आहे.

"भिंत पोकळ होऊन राह्यली का, ते बगतो सर," असं त्यांचं म्हणणं. ठोकायला कंबरेला लटकवलेली मोजमापाची स्टीलची टेप असते.

जालन्यातल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत माझी खोली चौथी, त्यांची पाचवी. मी शाळेत शिकवतो. नाना साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते. मोळीत पाचट किती, चिखल किती, हे हुडकण्यात नोकरी गेली. नाना निवृत्त झाले, संशय मात्र अजून ड्यूटीवर आहे. माझ्या बायकोनं उपमा पाठवला तरी "आज का बरं?" विचारतात. मग दोनदा मागून खातात. घरात एकटेच असतात.

यंदा मालकानं खोल्या पाडायचं ठरवलं. त्याच सुमारास गावाबाहेर स्वस्त घरांच्या खास क्षेत्रातल्या इमारती उभ्या राहिल्या. तिथं बांधकामाचे नियम सैल होते. खोल्या लहान चालतील, जिना अरुंद चालेल, दोन इमारतींमधली जागाही कमी चालेल. म्हणून तर किंमत आमच्या आवाक्यात. सोडतीत दोघांचीही नावं निघाली. मी पेढे आणले. नानांनी पेढा उलटा करून पाहिला.

"नियम सैल केले, ते कुणासाठी सर? आपल्यासाठी? मला न्हाई पटत."

दुसऱ्या दिवशी ते साइटवर जिन्यात टेप लावून बसले. "तीन फूट! बाज कशी न्यायची वर?"

"उभी करून न्या," तिथल्या इंजिनिअर बाई म्हणाल्या.

"आन् मेल्यावर मला बी उभंच खाली आणतान का?"

बाई पाणी प्यायला निघून गेल्या. मग नानांनी इमारतींमधली जागा मोजली. "सहा फूट! ही काय जागा हाय? ही फट हाय. उजेड कुठून यील?"

संमतीपत्रावर सही करायला आठ दिवस होते. नाहीतर घर यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. मी लगेच सही केली. नाना काही करेनात. उलट मलाच विचारत राहिले, "तुमची खिडकी कोणती? नकाशा दाखवा बराबर." माझं घर जास्त मोठं निघालं, असा त्यांना संशय आला असणार. मला राग आला.

"नाना, उद्या रस्त्यावर राहायचं का?"

"जल्दी नका करू सर. बगून राह्यलो."

आठव्या दिवशी त्यांनी मला माझ्या नव्या घरात खिडकीपाशी उभं राहायला सांगितलं आणि स्वतः कुठंतरी गेले. आता काय काढणार, या धास्तीत मी उभा राहिलो. बाई कागद घेऊन आल्या.

"नानांना रस्त्याकडचं, भरपूर उजेडाचं घर लागलं होतं," त्या म्हणाल्या. "ते दुसऱ्याला देऊन त्यांनी अदलाबदलीत तुमच्या खिडकीसमोरचं अंधारं मागितलं. मंजुरी आज आली. म्हणून सही थांबली होती."

तेवढ्यात समोरची खिडकी उघडली. गजांतून स्टीलची टेप लकलकत पुढं आली, फट ओलांडून माझ्या गजावर आपटली. टक टक.

अकरा वर्षं नाना भिंत तपासत नव्हते. पलीकडं मी आहे की नाही, एवढंच पाहत होते. त्यांच्यावर चिडल्याची मला लाज वाटली. या नादात उत्तर द्यायचं राहून गेलं. तशी तिसरी जोरात आली.

मी गजावर बोटांनी दोनदा वाजवलं.

"बराबर हाय," नाना पलीकडून ओरडले. "बाई, आना तो कागद इकडं!"