अबुद्धिवादाला एक उदाहरण

"संध्याकाळी पाचच्या आत नोंद तुमच्या टेबलावर असेल," असं भाऊंनी बाईंना सकाळीच सांगून टाकलं, तेही सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा बेताने.

भाऊ शब्दकोशाच्या कचेरीत बावीस वर्षं नोंदी लिहीत होते आणि बाई, म्हणजे मुख्य संपादक, त्या तपासत होत्या. इतरांच्या नोंदी लाल शाईत न्हाऊन परत येत. भाऊंची मात्र बावीस वर्षांत एकही परत आली नव्हती, आणि याहून मोठी कमाई त्यांच्यापाशी दुसरी नव्हती. आज पहिल्या खंडातला शेवटचा शब्द उरला होता: अबुद्धिवाद.

अर्थ त्यांनी चहा निवायच्या आत लिहिला. 'बुद्धीने तपासून मगच मानावे, हे मत नाकारणे. श्रद्धा किंवा मनाची ओढ यांना बुद्धीच्या वर मान देणे.' खाली टीप जोडली: 'निर्बुद्धपणा नव्हे. बुद्धी असते, तिचे म्हणणे ऐकलेलेही असते; फक्त मानलेले नसते.' ही टीप त्यांनी स्वतःलाच दोनदा वाचून दाखवली.

अडलं ते उदाहरणाशी. कचेरीचा नियम असा, की जो शब्द दुसऱ्याला टोचून बोलायला वापरतात, त्याचं उदाहरण माणसाने स्वतःबद्दल बोललेलं हवं. बोलता बोलता सहज निघालेलं, आणि ऐकल्याची दोघांची सही असलेलं. नाहीतर कोश म्हणजे भांडणाचं सामान झाला असता. उदाहरण नाही तर नोंद परत.

"त्यात काय," भाऊ शेजारच्या टेबलावरच्या तात्यांना म्हणाले. तात्या मुद्रितं तपासत. "आमच्या घरात चालतंबोलतं उदाहरण आहे. चला साक्षीला."

जेवणाच्या सुट्टीत दोघे घरी गेले. भाऊंच्या पत्नीचा नेम होता: देवापुढे दिवा लावून हात जोडल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही. एकतीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

"काय गं," भाऊंनी मुद्द्यालाच हात घातला, "दिवा लावला नाहीस तर चहा कडू होतो का?"

"नाही हो."

"म्हणजे कारण काही नाही, तरी तू करतेस. असंच ना?"

"कारण नाही कसं? तेवढी दहा मिनिटं मला घरात कोणी हाक मारत नाही. तुम्हीसुद्धा. त्या दहा मिनिटांवर मी दिवसभर शांत राहते. नीट विचार करूनच धरलाय मी नेम."

तात्यांनी बाहेर काढलेलं पेन पुन्हा खिशात ठेवलं. "भाऊ, वहिनी तर पक्क्या बुद्धिवादी निघाल्या."

"भाजी वाढू का?" वहिनींनी विचारलं.

भाऊ तणतणत परतले आणि टेबलापाशी थबकले. त्यांची खुर्ची नव्हती. तिच्या जागी चाकांची, करकरीत नवी एक खुर्ची होती.

"शिपाईमामा, माझी खुर्ची?"

"सगळ्या जुन्या तळघरात टाकल्या, साहेब. पाचला भंगारवाला येतोय."

भाऊंच्या खुर्चीचा डावा हात सुतळीने बांधलेला होता आणि आखूड पायाखाली कागदाची घडी होती. आजवरची प्रत्येक नोंद त्यांनी तिच्यावर बसून लिहिली होती. ते नवीवर बसले. ती फिरली. साडेचारपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून बसले, मग उठले आणि तळघराच्या जिन्याकडे निघाले. मागोमाग तात्या.

खाली चाळीसेक खुर्च्या एकीवर एक रचलेल्या होत्या, आणि त्यांची सगळ्यांत तळाला. भाऊंनी तिचा पाय धरून ओढला. चळत क्षणभर विचारात पडली आणि मग सावकाश, लग्नाच्या पंगतीला बसावं तशी ओळीने जमिनीवर बसली. भाऊ मधोमध होते. त्यांच्या मांडीवर त्यांची खुर्ची होती, आणि तिचा डावा हात त्यांच्या हातात.

आवाज ऐकून बाई खाली आल्या. त्यांनी आधी भाऊंकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"भाऊ, पाचला वीस मिनिटं आहेत. वर चांगली खुर्ची आहे. बसा आणि नोंद पुरी करा."

"बाई," भाऊ धूळ झटकत कळवळून म्हणाले, "खुर्चीचा आणि नोंदीचा काडीचाही संबंध नाही, हे मला कळतं. चारचौघांना मी ते पटवूनही देईन. पण हिच्यावर बसल्याशिवाय माझ्या हातून एक अक्षर उतरणार नाही. माझ्या बुद्धीचं मी या बाबतीत ऐकतच नाही."

तात्यांनी पेनाचं टोपण उघडलं.

"सावकाश लिहा, तात्या," बाई म्हणाल्या. "शब्द एकही सोडू नका. पहिली सही मी करते."

पाचला पाच मिनिटं असताना नोंद पुरी झाली. परत आली नाही.

संध्याकाळी भाऊ मोडकी खुर्ची खांद्यावर घेऊन घरी आले. पत्नीने काही न विचारता सुतळी आणली आणि दोघांनी मिळून खुर्चीचा हात बांधला. बांधता बांधता भाऊंनी सगळं सांगितलं.

"पायाखालची ही घडी बदलू का? पार काळी झालीय."

"नको. पहिल्या नोंदीपासूनची आहे ती."

"बरं." तिने सुतळीची गाठ आवळली. "मग उद्या दिव्यापाशी उभी राहीन, तेव्हा हिलाही हात जोडू का?"

"ते मी रोज कचेरीत गेल्या गेल्या करतो," भाऊ हळूच म्हणाले. "तात्यांना तेवढं सांगू नकोस."